कोणाच्या वावरावर गेलं हे आभाळ?

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे. मलकापूरकडे निघालं की राजूर घाट लागतो आणि खाली पूर्णेचं खोरं उघडतं. हवा स्वच्छ असेल तर पलीकडे सातपुड्याची रेघही दिसते. एप्रिल-मे मध्ये दुपार कलली की या खोऱ्यावर वळवाचे ढग चढतात. त्यांचे फोटो काढणं हा माझा जुना छंद आहे.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली. विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र, सगळीकडे हातातोंडाशी आलेला गहू आणि हरभरा झोपला. त्या दिवसांत मी काढलेला एक फोटो मला फार आवडायचा. काळा ढग आणि त्याखाली लोंबणारा पांढरा पडदा. शेजारच्या शेतकरी काकांना तो कौतुकानं दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, "कोनाच्या वावरावर गेलं रे हे आभाय?"

मला सांगता आलं नाही. वेळ लिहिली नव्हती, दिशाही नाही.

आमच्या जिल्ह्यात आभाळाकडे पाहणं ही कधीच नुसती हौस नव्हती. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मध्ये खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं आणि वर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून पावसाचं भाकीत सांगतात. हवामानशास्त्र हे मानत नाही, मीही मानत नाही. पण ऐकायला दुरून येणाऱ्या शेतकऱ्याला मी हसणार नाही. वर्षभराची पेरणी ज्याची पणाला लागलेली असते, तो कुठून तरी उत्तर शोधणारच.

कॅमेऱ्याची सुरुवातसुद्धा हौसेतून नाही, प्रश्नातून झाली. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथम यांनी अकराव्या शतकात प्रकाशाचा अभ्यास केला. सूर्यग्रहणात बारीक छिद्रातून आत येणारा प्रकाश समोर कोरीसारखा का उमटतो, यावर त्यांनी स्वतंत्र लेखन केलं. तेच तत्त्व पुढे कॅमेऱ्यात आलं. चित्रकार वीज नागमोडी, टोकदार रेघेसारखी काढत. 1882 मध्ये फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्ज यांनी विजेचा फोटो घेतला आणि तिला झाडासारखे फाटे असतात हे दिसलं. 1896 मध्ये ढगांचा आंतरराष्ट्रीय ॲटलास निघाला, त्यातही फोटो होते. वेगवेगळ्या देशांतल्या निरीक्षकांनी एका ढगाला एकाच नावानं ओळखावं हा त्याचा हेतू होता. म्हणजे आभाळाचा फोटो आधी पुरावा होता, भिंतीवरची शोभा नंतर झाला.

आपला 'मोसम' हा शब्दही असाच कामाचा आहे. मूळ अरबी 'मौसिम', म्हणजे ठरलेला काळ. अरबी समुद्रातले खलाशी वारा केव्हा फिरतो ते पाहून शीड उभारत. त्यांचा हा शब्द पोर्तुगिजांमार्फत 'मान्सून' होऊन जगभर गेला. चुकीच्या मोसमात निघालेलं जहाज परत येईलच याची खात्री नसे.

2016 मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना आली, तेव्हा गारपिटीच्या नुकसानीची सूचना 48 तासांत देण्याची अट होती. तेव्हा काकांचा प्रश्न मला नीट कळला. शेतकऱ्याला ढगाचा रंग नको असतो. त्याला तारीख, वेळ आणि शिवार हवं असतं.

आता माझ्या प्रत्येक फोटोसोबत वहीत एक ओळ असते: तारीख, वेळ, मी कुठे उभा होतो, ढग कुठून कुठे गेला. गडगडाट ऐकू आला की मी कॅमेरा आवरून गाडीत बसतो. फोटो अजूनही सुंदर येतात. पण पूर्वीसारखं लगेच "वाह!" निघत नाही. आधी खाली कोणाचं गाव आहे, ते पाहतो.