मूत्रपिंडविकाराचे निदान, वृद्धांतील

उतारवयात मूत्रपिंडांचे काम मंदावले ते वयोमानाने की रोगाने, याचा वैद्यकीय निवाडा. रोग बराच वाढेपर्यंत काही दुखत-खुपत नाही. थकवा, अन्नावरची वासना उडणे, पायांवर सूज, रात्री लघवीला उठणे ही लक्षणे वयाच्या खाती जमा होतात. त्यामुळे सारी भिस्त तपासण्यांवर राहते, आणि घोळही तिथेच होतो.

क्रिएटिनीन स्नायूंत तयार होते व मूत्रपिंडे ते गाळून टाकतात. रक्तात साचले की गाळण घटली असे मानतात. पण म्हातारपणी स्नायूच झडलेले असतात, म्हणून ते मुळात कमी तयार होते. समजा, अहवालात डेसिलिटरमागे १.१ मिलिग्रॅम आहे. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने ३० वर्षांच्या पुरुषाचा अंदाजित गाळणदर (ईजीएफआर) मिनिटाला सुमारे ९३ मिलिलिटर येतो, ८० वर्षांच्या स्त्रीचा सुमारे ५१. ती ४० किलोची असेल, तर वजन जमेस धरणारे कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट यांचे १९७६ चे सूत्र २६ च्या आसपास उत्तर देते. दोन्ही सूत्रांची मापे तंतोतंत एक नव्हेत, तरी औषधाची मात्रा ठरवताना हा फरक महागात पडू शकतो. अशा कृश रुग्णात सिस्टॅटिन-सी ही रक्तचाचणी अधिक भरवशाची. मात्र थायरॉइडचे विकार व स्टेरॉइड यांमुळे तिचाही आकडा हलतो.

गाळणदर ६० च्या खाली, किंवा इजेची अन्य खूण, तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली तर विकार जुनाट म्हणतात. ही रेषा सर्व वयांना सरसकट लावावी का, यावर वाद आहे. बाल्टिमोर येथील दीर्घकालीन पाहणीत (१९८५) सुमारे एकतृतीयांश व्यक्तींचा गाळणदर वयाबरोबर घटलाच नव्हता. तेव्हा वयाकडे बोट दाखवून मोकळे होणेही बरे नव्हे. इथे लघवीची तपासणी कामी येते: क्रिएटिनीनच्या ग्रॅममागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत, गाळणदर पन्नाशीत स्थिर आणि सोनोग्राफी ठीक असेल, तर घाबरवण्यापेक्षा लक्ष ठेवणे शहाणपणाचे.

क्रिएटिनीन एकाएकी चढले, तर आधी जुलाब-उलट्या, सांधेदुखीच्या गोळ्या आणि प्रोस्टेटमुळे तुंबलेली लघवी यांची चौकशी करावी. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे सोनोग्राफीत लगेच कळते. आक्रसलेली मूत्रपिंडे जुना रोग सुचवतात, पण मधुमेहात रोग मुरलेला असूनही आकार नेहमीसारखा राहू शकतो.

पंडुरोग व पाठदुखी सोबत असल्यास मल्टिपल मायलोमाचा संशय घ्यावा. लघवीत बुडवायची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन दाखवते. मायलोमातील प्रथिने तिला चुकवतात, म्हणून रक्ताची प्रथिन-इलेक्ट्रोफोरेसिस व फ्री लाइट चेन चाचणी लागते. कारण तरीही सापडत नसेल व गाळणदर झपाट्याने घसरत असेल, तर बायॉप्सी करतात. केवळ वय हा तिला अडसर नाही.