कूपरेजवरील पाच वर्षे

हैदराबादेतील मराठी माणसांचा इतिहास सांगावयास बसलो की आपली लेखणी जामबागेतील विवेकवर्धिनीपाशी सुरू होते आणि शाळा, ग्रंथालये, नाटके यांतच रमते. ते योग्यच आहे. परंतु या शहराच्या एका पराक्रमाची आपण फारशी नोंद ठेवली नाही. तो फुटबॉलचा होता, आणि गाजला मुंबईत.

कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे जिंकला. 1950 सालीच मोहन बागानला नमवून ड्युरँड चषकही आणला. सप्टेंबर 1948 च्या 'पोलीस ॲक्शन'ला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. संस्थान गेलेले, मने दुभंगलेली. नूर मुहम्मद, अझीझुद्दीन हे काही आपल्या घरांतले नव्हते. ज्या मुंबईत ते जिंकत होते तेथे मात्र आपले सोयरे होते. तरीही विजय कोणाचा मानावयाचा, हा प्रश्न आम्हांस अवघड वाटत नाही. तो या शहराचा, म्हणून आपलाही.

या संघाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर. जामबागेहून पायी जाता येईल अशा काचीगुडा व चादरघाट येथील शाळांतून त्यांनी शिकविले. मैदानावरही वृत्ती मास्तरांचीच. ज्या पायाचा सराव नाही त्याच पायाने चेंडू मारावयाचा, अशा स्पर्धा ते भरवीत. चेंडू एकट्याने घोळवीत नेण्यास मज्जाव असलेल्याही. सिकंदराबादच्या गरीब घरातील तुलसीदास बलराम यांना सरावास येता यावे म्हणून सायकलच्या भाड्याचा रुपया ते स्वतः देत. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, तेव्हा रहीमसाहेब प्रशिक्षक होते आणि संघात बलराम होते.

त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आपण येथे उरलो. नकाशावरून पुसलेले राज्य फुटबॉलमध्ये मात्र थोडे अधिक जगले. 1956-57 व 1957-58 ची संतोष चषक स्पर्धा 'हैदराबाद' याच नावाने जिंकली गेली, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात मुंबईला हरवून! पुढे पोलीस संघाच्या नावातही आंध्र प्रदेश आले.

बलराम 1957 मध्ये कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. त्यांना दोष कसा द्यावा? पोटापाण्यासाठी गाव सोडणे आपल्या पूर्वजांनीही केलेच होते.

1962 साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले. रहीमसाहेबांचा तो अखेरचा मोठा विजय. जून 1963 मध्ये कर्करोगाने ते गेले. रोव्हर्स स्पर्धाही या शतकाच्या आरंभी बंद पडली. 2024 च्या 'मैदान' या हिंदी चित्रपटाने त्यांचे नाव नव्या पिढीस ठाऊक झाले, पण त्याचा विषय राष्ट्रीय संघ. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी कूपरेजवर पोलीस संघाचे सामने पाहिले असतील, त्यांनी त्या आठवणी या पत्रिकेकडे अवश्य लिहून पाठवाव्यात.