पूरक मेहनतीची बखर

ठाण्याहून भिवंडीस जाणारा जुना आग्रा रस्ता कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडण्यापूर्वी ज्या गावाच्या अंगाने जातो, ते बाळकुम आज उंच इमारतींच्या गर्दीत आपले पाडे कसेबसे सांभाळून असले, तरी साष्टीच्या या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जो उद्योग चालला तो माणसाच्या खांद्यांवर, कमरेवर आणि मांड्यांवरच उभा होता. मिठागरातले मीठ ओढून त्याच्या राशी घालणे, भरलेल्या टोपल्या डोक्यावरून पडावापर्यंत पोचविणे, ओहोटीच्या उलट्या ओढीत होडी वल्हविणे, खाडीच्या तळाशी बुडी मारून वाळूची बादली भरून आणणे, ही कामे करणाऱ्या आगरी आणि कोळी माणसाला शक्ती कशी कमवावी हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती. तिचा विनियोग कुठे करावा, एवढाच प्रश्न संध्याकाळी मारुतीच्या देवळामागच्या मातीत उरत असे.

आता कोलशेत रस्त्यालगतच्या रासायनिक कारखान्यांच्या जमिनींवर निवासी मनोरे उभे राहिले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या पोटात भिंतभर आरसे लावलेली एक जिम असते. तेथे ताकद कमावू पाहणारा तरुण मोबाइलमध्ये जो तक्ता जपून ठेवतो त्याची रचना ठरीव असते: दर दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट किंवा खांद्यावरून वर ढकलावयाचा प्रेस यांपैकी एक जड ‘मेन लिफ्ट’, ती मोजक्या आवृत्त्यांत आणि मध्ये भरपूर विश्रांती घेऊन, आणि तिच्या पाठोपाठ हलक्या वजनाचे, अधिक आवृत्त्यांचे ‘ॲक्सेसरी’ व्यायाम, ज्यांचे प्रयोजन मुख्य उचलीत जो स्नायू कमी पडतो त्याची भरपाई करणे एवढेच. मुख्य आणि पूरक अशी ही वाटणी लोखंडाबरोबर परदेशातून आली, अशी समजूत सार्वत्रिक आहे. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु मल्लविद्येचे जुने दफ्तर थोडे उलगडले तर असे दिसते की वाटणी आपल्याकडे पुरातनच होती, मात्र मुख्य कशाला म्हणावयाचे याचा निवाडा काळाप्रमाणे फिरत गेला, आणि काल जो हाताखालचा कारकून होता तोच उद्या गादीवर बसलेला आढळला.

कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर (ही कल्याणी म्हणजे आपल्या शेजारचे कल्याण नव्हे, बीदरकडचे बसवकल्याण) याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला, तेव्हा राजाच्या करमणुकींत मल्लविनोदाला स्वतंत्र स्थान देऊन त्याने मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार आणि त्यांची मेहनत यांची नोंद केली. त्या मेहनतीत वजन उचलण्याचा भारश्रम आहे, चालण्याचा भ्रमणश्रम आहे, पाण्यातला सलिलश्रम आहे आणि खांबावरचा स्तंभश्रमही आहे. मोढेऱ्याच्या ज्येष्ठी मल्लांचे ‘मल्लपुराण’, जे सांडेसरा आणि मेहता या विद्वानांनी 1964 साली बडोद्याहून संपादून प्रसिद्ध केले, ते याहून तपशिलात जाते. त्यात श्रमांचे सोळा प्रकार सांगितले असून प्रत्यक्ष कुस्तीचा रंगश्रम हा त्यांतील मुकुटमणी. बाकीच्यांत खांब आहे, जड गोणितक आणि हलके गोणितक असे उचलण्याच्या साधनाचे दोन वेगळे व्यायाम आहेत, पाणी आहे, जिने चढणे आहे, जेवणानंतरची शतपावली आहे, आणि या सर्वांच्या पंक्तीला ‘ऊहापोह’ही आहे. डावांची चर्चा करणे हासुद्धा श्रमच, असे मानणारा हा शास्त्रकार मला फार शहाणा वाटतो. जड आणि हलके यांना एकाच साधनाचे दोन निराळे श्रम मानण्यात जो विवेक आहे, तो आजच्या तक्त्यांतल्या विवेकाहून जातीने वेगळा नाही.

किती करावे, याचेही उत्तर जुन्या शास्त्रात मिळते. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त बलवान आणि स्निग्ध अन्न खाणाऱ्या माणसालादेखील अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करण्याची आज्ञा दिली आहे, तीही थंडीत आणि वसंतात, इतर ऋतूंत त्याहून कमी. कपाळावर, नाकावर आणि काखेत घाम येऊ लागला व तोंडाला कोरड पडली की अर्धी शक्ती खर्ची पडली, अशी त्याची खूणही आयुर्वेदात सांगितली आहे. पुढे सोव्हिएत प्रशिक्षक प्रिलेपिन याने भारोत्तोलकांच्या रोजनिशा तपासून जे कोष्टक बसविले त्यात सर्वोच्च क्षमतेच्या 70 ते 80 टक्के वजनाच्या सुमारे 18 उचली एका बैठकीत पुरेशा धरल्या आहेत, आणि 90 टक्क्यांच्या पुढे गेल्यास 4 ते 10 वर थांबण्यास सांगितले आहे. वाग्भटाला रोग्याची काळजी होती आणि प्रिलेपिनला पदकाची, एवढा भेद सोडला तर दोघांचाही रोख एकाच गोष्टीवर होता: रोज आपली सगळी शिल्लक काढून खर्चणारा माणूस फार दिवस व्यवहार करू शकत नाही.

महाराष्ट्रातील तालमीत हा हिशेब वस्तादाच्या डोक्यात असे. पहाटे हौदाची माती फावड्याने उकरून सारखी करणे हाच पहिला व्यायाम, आणि तो नवशिक्याकडे सोपविण्यामागे सेवेची शिकवण जितकी होती तितकीच पाठ आणि खांदे तयार करण्याची योजनाही होती. तेल, ताक, हळद घालून मुरवलेल्या त्या तांबड्या मातीत मग जोडीदारांच्या लढती होत. वस्ताद एकाला दुसऱ्यावर सोडी, दमलेल्याला बाहेर काढी, ताज्याला आत घाली, आणि कोणाची पकड ढिली, कोणाची मान कच्ची, कोणाचा तोल डावीकडे जातो, हे बसल्या जागेवरून हेरी. संध्याकाळची मेहनत त्या हेरण्यावरून ठरत असे. पाय कमी पडणाऱ्याला बैठका वाढवून मिळत. ज्याची छाती व दंड अपुरे त्याला हत्त्यावरचे जोर. ज्याचे मनगट सुटे त्याला करेला आणि मुदगलाची जोडी. ज्याची मान बसकी त्याच्या गळ्यात दगडी नाल घालून जोर किंवा बैठका काढावयास लावीत. आणि दोरी व मल्लखांब हे पकडीसाठी. यांतील एकही व्यायाम स्वतःसाठी नव्हता. हजार बैठका काढणारा पण हौदात उतरताच चीत होणारा पैलवान तालमीत चेष्टेचा विषय होई, आणि कोणाच्या बैठका किती, यावरून बक्षिसाचा नारळ कोणी फोडल्याचे ऐकिवात नाही.

या पद्धतीत एक अडचण मात्र होती. मुदगल आणि नाल यांचे वजन ठरलेले. ते थोडेसे वाढवावे म्हटले तर वाढत नसे, थेट दुसरी, पुष्कळ जड जोडी हाती घ्यावी लागे. म्हणून वाढ होई ती संख्येत. शंभराचे सव्वाशे, सव्वाशेचे दीडशे, असे करीत वस्ताद शागिर्दाला नेई, आणि दम व चिकाटी यांची कमाई फार मोठी होत असली तरी एका झटक्यात जास्तीत जास्त ओझे उचलण्याची शक्ती त्या मानाने हळू वाढे. लोखंडी सळईने जो खरा फरक घडवून आणला तो जडपणाने नव्हे. जड दगड तर गावोगाव पडलेच होते. सळईच्या दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलोची चकती लावून अडीच किलोने पुढे सरकता येऊ लागले, म्हणजे ओझे विभाज्य झाले, आणि विभाज्य झाले म्हणून त्याची खातेवही ठेवता येऊ लागली.

हौदाचे पंचांगही वेगळे असे. पिके घरात आल्यानंतर जत्रांचे फड रंगत ते उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत. पावसाळा हा अंग कमावण्याचा काळ, आणि नागपंचमीला तालमीची पूजा. मिठागराचे वेळापत्रक याच्या बरोबर उलटे नसले तरी त्याच्याशी गुंतलेले होते: मीठ पिके ते थंडीपासून पावसाच्या पहिल्या सरीपर्यंत, आणि सरी आल्या की भाताची लावणी. ज्याची कंबर दिवसभर चिखलात वाकली आहे त्याच्याकडून संध्याकाळी पुन्हा पाचशे बैठका काढून घेणारा वस्ताद, साष्टीच्या किनाऱ्यावर फार शागिर्द टिकवू शकला नसता असे अनुमान करण्यास हरकत नसावी. आजच्या तक्त्यात दर चौथ्या आठवड्याला वजन कमी करण्याची जी सोय असते, ती शेतीच्या कामांनी आपोआप लावून दिली असेल.

पूरकाचे मुख्य कसे होते याचा आपल्याकडचा ठळक दाखला मल्लखांबाचा. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत निजामाकडचे अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यास येऊन दरबाराकडे जोड किंवा जितपत्र मागू लागले, तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने मुदत मागून घेतली, सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन उपासना व मेहनत केली, आणि परत येऊन गुलाबाला चीत केले, असे परंपरा सांगते. त्या डोंगरावर खुद्द मारुतीने त्याला खांबावरची विद्या दिली असेही ती सांगते. ‘मानसोल्लासा’तला स्तंभश्रम पाहता विद्या या आख्यायिकेइतकी नवी नव्हती हे उघड आहे, पण ती मोडकळीस आली असता दादांनी तिला पुन्हा उभे केले, हे श्रेय त्यांच्याकडून कोणी काढून घेत नाही. खांब हा प्रतिस्पर्ध्याच्या जागी होता; त्याला मिठी घालावयाची, पायांची तिढी मारावयाची, त्यावर पकड घासावयाची, ती उद्या जिवंत अंगावर चालावी म्हणून. पेशवाई बुडाल्यावर दादा बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्तास गेले, विद्या काशीपर्यंत पसरली, आणि पुढे शाळा, व्यायाममंदिरे, प्रात्यक्षिके यांच्या मार्गाने खांबाने आपल्या धन्याची साथ हळूहळू सोडली. 1962 साली ग्वाल्हेरला राष्ट्रीय पातळीवर त्याच्या स्पर्धा झाल्या, तेव्हा त्यावर चढणाऱ्यांपैकी कितीजणांनी लंगोट कसून हौदात पाऊल टाकले होते, हे विचारण्याचे कारण कोणाला उरले नव्हते.

लोखंडाचे आगमन मात्र याच्या पुष्कळ आधी झाले होते. युजेन सँडो 1904-05 साली हिंदुस्थानच्या दौऱ्यात मुंबईसही येऊन गेला, पण त्याच्याही आधी त्याची पुस्तके आणि साधने येथील संस्थानिकांच्या वाड्यांत शिरली होती. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी काही वर्षे सँडोची मेहनत करून पाहिली आणि मग ते सूर्यनमस्काराकडे वळून त्याचे आजन्म प्रचारक झाले. बडोद्यात द. चिं. मजुमदारांनी ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड संपादिले, त्यात देशी-परदेशी सर्व साधनांना एका छपराखाली आणण्याचा जो खटाटोप आहे, तसला दुसरा आपल्या भाषेत झालेला नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांचे खासबाग मैदान 1912 साली पुरे झाले, आणि कुस्तीचे मुख्यपण त्या मुलखात तरी कोणी हिरावून घेऊ शकले नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला मॅटवर कांस्यपदक मिळविले, ते याच मातीच्या मेहनतीचे पीक.

दुसरीकडे 1945 साली अमेरिकेत थॉमस डीलॉर्म या लष्करी डॉक्टराने युद्धात गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांना क्रमाक्रमाने वाढते वजन देण्याची पद्धत मांडली. रोग्याला जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते वजन शोधावे, त्याच्यावर व्यायामाचा हिशेब बांधावा, ठरावीक दिवसांनी ते पुन्हा तपासावे: आजच्या ‘सेट’ आणि ‘रेप’ यांचा संसार बव्हंशी त्या इस्पितळात थाटला गेला. तोवर स्पर्धेत मुख्य म्हणजे ऑलिंपिकमधल्या उचली, आणि स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट ही त्यांच्या मागची घरकामे. 1972 हे साल या बखरीत मोठे आहे. म्युनिकच्या ऑलिंपिकनंतर प्रेस ही उचल, पंचांना तिचा न्याय करणे अवघड होऊन बसल्याने, स्पर्धेतून काढली गेली, आणि त्याच वर्षी पॉवरलिफ्टिंगचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन होऊन त्या तीन घरकामांचे एक स्वतंत्र राज्य झाले. मल्लखांबाने जे केले तेच येथे बैठकीने केले, आणि राज्य मिळताच तिला स्वतःच्या हाताखाली पूरक माणसे लागली. म्हणून बैठक पैलवानाला साहाय्यक, पॉवरलिफ्टरला मुख्य, भारोत्तोलकाला पुन्हा साहाय्यक. बाळकुमच्या मनोऱ्यातला तरुण, ज्याला ना हौदात उतरायचे आहे ना स्पर्धेच्या फळीवर, तो स्क्वॉटला मुख्य म्हणतो तेव्हा तो नकळत पॉवरलिफ्टरची जहागीर चालवीत असतो. त्याने खरे तर आधी स्वतःला विचारावयास हवे की आपला रंगश्रम कोणता. हा प्रश्न त्याच्या तक्त्यात नसतो, आणि ऊहापोहाचा रकानाही नसतो.

ज्याचा रंगश्रम पक्का ठरलेला होता असा मराठी भारोत्तोलक पाहावयाचा तर सांगलीकडे जावे लागते. पानपट्टी आणि चहाच्या टपरीवर चालणाऱ्या घरातला संकेत सरगर तेथील दिग्विजय व्यायामशाळेत घडला आणि 2022 च्या जुलैत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात उतरला. स्नॅचमध्ये 113 किलो उचलून तो सर्वांच्या पुढे होता. क्लीन अँड जर्कमध्ये 135 झाले. 139 च्या दुसऱ्या प्रयत्नात उजव्या कोपराने दगा दिला, आणि तिसऱ्यातही ते ओझे वर टिकले नाही. मांड्या, पाठ, ओढ यांची वर्षानुवर्षांची पूरक मेहनत जागच्या जागी असताना एका सांध्यावर निकाल अडला. मलेशियाच्या स्पर्धकाची बेरीज 249 झाली आणि संकेतची 248.