श्वासाची मोजदाद

यंत्राने श्वास दिला की उपचार संपत नाही. तो श्वास पुरेसा पोहोचतो का, हे मोजावेच लागते. 1952च्या पोलिओ साथीत कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात वाढलेले बायकार्बोनेट पाहून डॉक्टरांना रुग्णांचे रक्त अल्कधर्मी झाल्याचे वाटत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी मात्र अपुऱ्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड साचल्याचे ओळखले. पीएच मोजल्यावर रक्त आम्लधर्मी निघाले आणि उपचाराची दिशाच बदलली. तिथे श्वास देण्यासाठी श्वासनलिकेत नळी होती, आज घरी यंत्राचा श्वास मास्कमधून मिळतो, मग हा दाखला कशाला, असे कुणी विचारेल. पण मास्कमधून हवा गळते, झोपेत श्वसन आणखी मंदावते आणि बोटावरचा ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. म्हणून जुनाट श्वसनविकारात रात्रीची कार्बन डायऑक्साइडची मोजणी उपचाराचाच भाग मानली पाहिजे.