खुणेचा सूर

गेल्या हिवाळ्यात सिडनीतल्या एका गराज सेलमध्ये मला ए.डब्ल्यू.ए. कंपनीचा जुना मॉड्युलेटेड ऑसिलेटर मिळाला. कंपनी इथलीच, ॲशफिल्डला तिचा मोठा कारखाना होता.

रेडिओ खरखरला तर दोष स्टेशनचा की सेटचा, हे कळायचं कसं? म्हणून हा डबा स्वतःच एक बेताची रेडिओलहर तयार करतो. डायल ४५५ किलोसायकल्सवर लावायची, वायर सेटच्या आत जोडायची आणि आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत आय.एफ.चे स्क्रू फिरवायचे. नुसती लहर ऐकू येत नाही, म्हणून तिच्यावर साधारण ४०० सायकल्सचा सूर चढवलेला असतो. तो सूर ऐकू आला की समजावं, ही आपलीच लहर.

वाचकहो, लहरीवर खूण करण्याच्या या युक्तीचा धागा सिडनीहून थेट कल्याणला जातो. मी डोंबिवलीचा, तरी मला याचा पत्ता नव्हता!

१९५३ साली गोविंद स्वरूप आणि आर. पार्थसारथी कोलंबो योजनेतून इथे सी.एस.आय.आर.ओ.त आले. पॉट्स हिलच्या जलाशयाकाठी ख्रिस्तियानसन यांनी (हेही आधी ए.डब्ल्यू.ए.तच होते) सूर्याच्या वेधासाठी सहा फुटी ३२ तबकड्या उभारल्या होत्या. या दोघांनी ती रचना १४२० वरून ५०० मेगासायकल्सवर आणली. सांगायला सोपं! बत्तीसही तबकड्यांच्या लहरी लेझीमच्या पथकासारख्या एका ठेक्यात केंद्रावर पोचायला हव्यात. तिथे लहरीची लांबी ६० सेंटिमीटर. म्हणजे एखाद्या तारेत फूटभर फरक पडला, तर दोन तबकड्या एकमेकींना खोडून टाकणार. एकेक जोड तपासत बसण्याचं ते काम भलतंच किचकट.

पुढे स्टॅनफर्डला स्वरूप आणि यांग यांनी यावर तोडगा काढला. तो १९६१ साली प्रसिद्ध झाला. केंद्रातल्या ऑसिलेटरची लहर तारेतून तबकडीकडे पाठवायची आणि तिथला डायोड ठरावीक गतीने चालू-बंद करायचा. परतणाऱ्या लहरीवर ती खूण उमटते. वाटेतल्या जोडांवरून उलटलेल्या लहरींवर नसते. जागेवर बसून मोजणी! अनेक मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी पुढे हीच वाट धरली.

पॉट्स हिलच्या तबकड्या १९५५ च्या सुमारास मोडीत निघणार होत्या. स्वरूपांनी त्या भारतासाठी मागितल्या आणि इथल्या लोकांनी भेट दिल्या. बोटीच्या भाड्याचे सुमारे ७०० पौंड परकीय चलनात कोण देणार, यावर मात्र कागद फिरत राहिले. असो. अखेर टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६५ साली त्या कल्याणला उभ्या केल्या. नारायणगावजवळ खोडदला आज ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत, त्या घराण्याचा हा मूळपुरुष.

माझ्या ऑसिलेटरचे कपॅसिटर बदलले. सूर आला, पण डायल दहाएक किलोसायकल्सनी चुकते आहे. ती तपासायला आता दुसरा ऑसिलेटर शोधतो आहे.