उत्पादन-दायित्व

उत्पादन-दायित्व : विकलेल्या वस्तूतील दोषामुळे ती वापरणाऱ्याच्या जीवास, शरीरास अथवा मालमत्तेस इजा पोहोचली असता, त्या वस्तूच्या निर्मात्यावर व विशिष्ट प्रसंगी विक्रेत्यावर येणारी नुकसानभरपाईची कायदेशीर जबाबदारी.

माल पारखून घेणे हे गिऱ्हाइकाचेच काम, हा बाजाराचा जुना नियम. १९३० च्या मालविक्री कायद्याने त्यास अपवाद घातले, तरी त्या कायद्यान्वये दाद मागावयाची ती ज्याच्याशी सौदा झाला त्या दुकानदाराकडेच. सातारा हा इंग्रजी अंमलातील जिल्हा असल्याने तेथे तो कायदा प्रथमपासून चालला. शेजारच्या सांगली संस्थानास मात्र ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नसत, व १९४८ च्या विलीनीकरणानंतरच (१९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून बनलेल्या जिल्ह्यास सांगली हे नाव १९६० साली मिळाले) दोन्ही मुलुखांचा न्याय एक झाला. करार नसतानाही निर्माता अंतिम उपभोक्त्यास उत्तरदायी असतो, हे तत्त्व इंग्लंडच्या उमराव-सभेने १९३२ साली, स्कॉटलंडमधील पेस्ली येथे विकल्या गेलेल्या पेयाच्या बाटलीवरून उद्भवलेल्या खटल्यात प्रस्थापित केले.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत भयंकर स्वरूप १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दिसले. औषधी ग्लिसरीन म्हणून पाजलेल्या द्रवात डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष होते. मूत्रपिंडे निकामी होऊन चौदा रुग्ण दगावले. याच विषाने १९३७ साली अमेरिकेत एका सल्फा औषधाद्वारे शंभराहून अधिक बळी घेतले होते, म्हणजे धोका अर्धशतकापासून जगास ठाऊक होता, आणि हीच गोष्ट मुंबईच्या मृत्यूंना अक्षम्य ठरविते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, तपासणी व परवाने यांतील गैरव्यवहारावर कठोर ठपका ठेवला. ग्राहक संरक्षण कायदा झाला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात. मृतांच्या वारसांना त्याचा आधार नव्हता.

त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यात (अंमल जुलै २०२० पासून) या विषयास प्रथमच स्वतंत्र प्रकरण मिळाले. घडणीतील वा रचनेतील दोष, ठरविलेल्या प्रमाणापासून ढळणे, स्पष्ट हमीचा भंग, आणि वापराच्या पुरेशा सूचना वा इशारे न देणे, यांपैकी काहीही सिद्ध झाल्यास निर्माता बांधला जातो. हमीचा भंग असेल तर आपण निष्काळजी नव्हतो ही त्याची कैफियत चालत नाही. निर्माता कोण हे समजत नसेल, तर विक्रेता सुटत नाही. तथापि, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावयाच्या वस्तूबाबत तज्ज्ञास इशारा दिलेला असल्यास इशारा न दिल्याचा ठपका निर्मात्यावर येत नाही, आणि औषधांच्या बाबतीत ही वाट फार रुंद आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जतच्या वा पाटणच्या ग्राहकास खरा आधार आहे तो निराळ्या तरतुदीचा: फिर्याद आता स्वतःच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे सांगलीस किंवा साताऱ्यासच, गुदरता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

खरी अडचण पुराव्याची. औषध पोटात जाते, बियाणे मातीत जाते, आणि दोष सिद्ध करावयाचा तो मुद्देमालच उरत नाही. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात सोयाबीन उगवले नाही तर तालुका तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. परंतु प्रयोगशाळेचा अहवाल कोठे, असा सवाल कंपनीकडून होतो. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली शेतकरी हा ग्राहकच आहे असे सांगून, सर्व बियाणे पेरणाऱ्याने तपासणीसाठी त्यातील काही राखून ठेवावे ही अपेक्षा अमान्य केली. कारण बियाणे नियमांनुसार विकलेल्या तुकडीचा नमुना, ती तुकडी संपल्यावर वर्षभर, विकणाऱ्यानेच जपावयाचा असतो. तरीही पावती, पिशवी, तिच्यावरील लेबल आणि मूठभर दाणे पीक निघेपर्यंत सांभाळावेत, असे कृषी खाते दर पेरणीस शेतकऱ्यांना बजावते.