डॉ. कोटणीस : पडद्यावरचे आणि कागदावरचे

१ सप्टेंबर १९३८ रोजी काँग्रेसचं वैद्यकीय पथक 'राजपुताना' बोटीने मुंबईहून चीनकडे निघालं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि सोलापूरचे २७ वर्षांचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जपानने चीनवर लादलेल्या युद्धातल्या जखमींसाठी हे पाच डॉक्टर जात होते.

पुढची हकिगत व्ही. शांताराम यांनी 'राजकमल'तर्फे 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'त मांडली. चित्रपट १९४६ सालचा. त्याचा आधार ख्वाजा अहमद अब्बास यांचं १९४४ सालचं पुस्तक, आणि त्यामागे चीनहून परतलेल्या डॉ. बसूंनी सांगितलेली माहिती. नायक स्वतः शांताराम, कोटणीसांची चिनी पत्नी चिंगलान जयश्री, चिनी सेनानी बाबूराव पेंढारकर, संगीत वसंत देसाईंचं.

पडद्यावर कोटणीस प्लेगची साथ थोपवतात आणि त्याच रोगाने जातात. प्रत्यक्षात ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांना अपस्माराच्या झटक्याने मृत्यू आला. वय ३२. जानेवारी १९४१पासून ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक होते. मृत्यूसमयी त्यांचा मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. मृत्यूच्या कारणातला हा बदल का केला, हे मला उघड वाटतं : अपस्माराला शत्रू नसतो, प्लेगशी मात्र लढता येतं. शिवाय तेव्हा कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होतं आणि युद्धप्रयत्नांना पूरक चित्रपट काढण्यासाठी निर्मात्यांवर दबाव होता. त्या चौकटीत शांतारामांनी काँग्रेसने धाडलेला डॉक्टर निवडला. ही निवड धाडसी होती आणि तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण जपानी सैनिक या चित्रपटात केवळ शत्रू आहे. त्याच्या मनात शिरणारा चित्रपट जपाननेच काढला : कोन इचिकावांचा 'बर्माची वीणा', १९५६. त्यातला शोजी यासुईचा सैनिक मिझुशिमा जपानच्या शरणागतीनंतर भिक्षू होतो आणि बेवारस प्रेतांना मूठमाती द्यायला बर्मातच राहतो; रेंतारो मिकुनीचा कप्तान त्याची वाट पाहतो.

शांतारामांचा शेवटचा प्रसंग मात्र विसरता येत नाही. मरणाच्या दारातले कोटणीस चिंगलानला सांगत राहतात, तू माझ्या घरी पोहोचशील तेव्हा काय काय दिसेल. आणि पडद्यावर ती खरोखरच मुलाला घेऊन घरी येते. खऱ्या गुओ छिंगलान चीनमध्येच राहिल्या. भारतात त्या पुढे अनेकदा येऊन गेल्या. २०१२ साली दालियान इथे त्यांचं निधन झालं.